दूरशिक्षणाच्या परिषदा : कोणासाठी, कशासाठी?

(पनवेल येथे अध्यापक आणि अभ्यासकेंद्रांचे समन्वयक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



पनवेल हे वाटेवरचे गाव आहे. मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता येथून बोरघाटाकडे निघतो आणि कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा आरंभही येथेच होतो. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. या दोन तारखांच्या दरम्यान, विशेषतः १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर, भाताच्या खाचरांच्या जागी नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर महाविद्यालये आली, आणि महाविद्यालयांबरोबर परिषदा आल्या. पावसाळा सरून थंडी पडू लागली की प्रवेशद्वारांवर राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय परिषदांचे फलक झळकू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांपैकी अनेक फलकांवर शैक्षणिक तंत्रविद्या, दूरशिक्षण, आभासी वर्ग हे शब्द असतात.

या सभागृहांपासून दहा-पंधरा मैलांच्या आत प्रबळगडाच्या पायथ्याशी आणि कर्नाळ्याच्या परिसरात ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. दूरशिक्षण या शब्दातील ‘दूर’ नेमके कोणापासून मोजावयाचे, हा प्रश्न पनवेलमध्ये जितका स्पष्टपणे समोर येतो तितका क्वचितच कोठे येत असेल. विद्यापीठाच्या दृष्टीने विद्यार्थी दूर असतो. वाडीवरील मुलीच्या दृष्टीने मात्र विद्यापीठ दूर असते, परिषद त्याहून दूर असते आणि परिषदेची भाषा सर्वांत दूर असते.

परिषदांनी काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्यांची पहिली जागतिक परिषद १९३८ साली कॅनडातील व्हिक्टोरिया येथे भरली. विरळ वस्तीच्या प्रदेशांतील मुलांपर्यंत टपालाने पाठ कसे पोहोचवावेत, हा तेव्हाच्या चिंतेचा विषय होता. त्याच परंपरेतील परिषद १९७८ साली नवी दिल्लीत भरली. तोपर्यंत भारतात या कामाला दीड दशक होऊन गेले होते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते आणि १९७१ साली मुंबई विद्यापीठानेही तो मार्ग स्वीकारला होता. गिरणीत, गोदीत वा कचेरीत नोकरी करून पदवी मिळवू पाहणाऱ्या कित्येकांना तो उपयोगी पडला. पुढे १९८२ साली व्हँकुव्हर येथील परिषदेत या जागतिक संघटनेने आपल्या नावातील ‘पत्रद्वारा’ हा शब्द काढून ‘दूरशिक्षण’ हा शब्द घेतला. हा बदल केवळ नावापुरता नव्हता. टपालाची पिशवी हे एकच साधन न राहता नभोवाणी, दूरचित्रवाणी, ध्वनिफीत, समक्ष मार्गदर्शन या सर्वांची मिळून एक पद्धती असते, ही जाणीव त्यामागे होती. अशी जाणीव एकट्या माणसाला होऊन भागत नाही. ती दहा देशांतील माणसे एकत्र बसली म्हणजेच रुजते.

परंतु परिषदांच्या या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. नवे माध्यम आले की त्याच्या स्वागताची परिषद भरते. ते माध्यम मावळले की त्याचा हिशेब मांडणारी परिषद सहसा भरत नाही.

भारतातील सर्वांत मोठा प्रयोग पाहावा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षासाठी अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरावयास मिळाला आणि ‘साइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मात्र त्या प्रयोगातून मिळालेला धडा महाराष्ट्रालाही तितकाच लागू होता. सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. त्याखेरीज, जवळजवळ ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण याच मार्गाने देण्यात आले. ते केवळ पडद्यावरील पाठांनी दिले गेले नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवी. पाठाच्या आगेमागे नभोवाणीचे कार्यक्रम होते, छापील पुस्तिका होत्या, हाताने करावयाचे प्रयोग होते आणि शंका विचारण्यासाठी केंद्रावर प्रत्यक्ष माणूस होता. संच बिघडला तर दुरुस्तीसाठी पोहोचणाऱ्या पथकांची व्यवस्थाही आधीच केलेली होती. उपग्रह आकाशात असला तरी शिक्षण घडले ते जमिनीवरील माणसांमुळे, हे १९७६ सालीच पुरेसे सिद्ध झाले होते. त्यानंतर ते दर दहा वर्षांनी नव्याने सिद्ध करावे लागले आहे.

इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ साली अवकाशात गेला आणि शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी निवडलेल्या राज्यांत या वेळी महाराष्ट्राचा समावेश झाला. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ची स्थापना झाली. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करणारी ही शासकीय संस्था एका पिढीच्या आठवणीत घर करून राहिली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ दूरदर्शनवर सुरू झाला. पुढे वाहिन्या वाढल्या, निधीचे मार्ग बदलले आणि २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. तेहतीस वर्षे चाललेल्या या संस्थेचे कार्यक्रम कोणत्या शाळांत पाहिले गेले, किती शाळांतील संच मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटबंद राहिले, प्रक्षेपणाची वेळ आणि शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ कोठे बसला आणि कोठे बसला नाही, या प्रश्नांवर एखादी चांगली दोनदिवसीय परिषद सहज भरली असती. संस्थेचा आरंभ सर्वांना ठाऊक असतो. तिच्या अखेरीचा अभ्यास करण्यास मात्र कोणी निबंध मागवीत नाही.

‘एज्युसॅट’ची कथा याहून अधिक बोलकी आहे. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या प्रारंभीच्या पथदर्शी प्रकल्पांत कर्नाटकातील आणि मध्य प्रदेशातील तंत्रविद्यापीठांबरोबर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. २०१० साली उपग्रहाचे आयुष्य संपले. त्याच्या उपयोगाची तपासणी केली ती भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी. जे काम अभ्यासकांच्या परिषदांनी वेळोवेळी करावयाचे, ते अखेर लेखापरीक्षकांच्या वाट्याला यावे, यात शिक्षणक्षेत्राला भूषणावह असे काही नाही.

मुक्त विद्यापीठाचा उल्लेख आला आहे, तर तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातील दूरशिक्षणाचा सर्वांत भक्कम अनुभव तेथे साठलेला आहे. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे मूळचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक. त्यापूर्वी त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले होते आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचीही धुरा वाहिली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण वयाने प्रौढ झालेल्या माणसाला पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीच्या दारापर्यंत आणणे, हा त्याचा खरा धाडसी निर्णय होता. चौथी-पाचवीत शाळा सुटलेली गृहिणी, दहावी नापास झालेला वाहनचालक, कारखान्यातील फिटर अशा माणसांसाठी पाठ लिहावयाचा झाला की लेखकाची कसोटी लागते. नेहमीच्या पाठ्यपुस्तकामागे शिक्षक उभा असतो. पुस्तकात जे सांगावयाचे राहिले ते तो वर्गात सांगतो. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकामागे कोणी नसते. म्हणून त्यात उद्दिष्टे आधी सांगावी लागतात, मजकुराचे लहान घटक करावे लागतात, मध्येच प्रश्न विचारून वाचकाला थांबवावे लागते, आणि त्याचे उत्तर चुकले तर ते का चुकले हेही पुढच्या पानावर सांगावे लागते. शैक्षणिक तंत्रविद्या म्हणजे यंत्र, असा समज सार्वत्रिक आहे. पण ज्याला शिक्षकाची उणीव फारशी भासू न देणारे पान लिहिता येते, त्याच्यापाशी ती विद्या आहे आणि तिला वीज लागत नाही.

पनवेल परिसरातील अभ्यासकेंद्रे या विद्यापीठाच्या मुंबई विभागात येतात. तेथील समन्वयक आणि समंत्रक रविवारी, सुट्टीच्या दिवशी वर्ग घेतात. विद्यार्थी पाळी संपवून येतो, कधी येत नाही. स्वाध्याय उशिरा देतो. पुस्तकांचा संच वेळेवर मिळाला तर पहिले सत्र टिकते, नाही तर फी भरूनही तो परीक्षेला बसत नाही. तो का गळला हे समन्वयकाला नेमके माहीत असते. दूरशिक्षणातील गळतीविषयी जगभर ग्रंथ लिहिले गेले आहेत. तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीला जाणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी का थांबतो, हे त्यांतल्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या केंद्रावरील माणूस अधिक अचूक सांगू शकेल. परिषदेच्या निमंत्रितांच्या यादीत मात्र त्याचे नाव शोधूनही सापडत नाही.

याचे कारण परिषदांच्या अर्थकारणात आणि नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि परिषदेत निबंध वाचण्याला गुण दिले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की एका दिवसात साठ-सत्तर निबंध, प्रत्येकाला सात-आठ मिनिटे, आणि आपला निबंध झाला की प्रमाणपत्र घेऊन गाडीला निघून जाणारे प्रतिनिधी, असे दृश्य ठिकठिकाणी दिसू लागले. २०१८ मध्ये नियम बदलले, सवय तितक्या लवकर बदलली नाही. बीजभाषण इंग्रजीत, निबंध इंग्रजीत, चर्चा मराठीत आणि तीही चहाच्या वेळी! वस्तुतः मौलिक असे काही बोलले जाते ते याच चहाच्या वेळी, परंतु कार्यवृत्तात त्याला जागा नसते.

चांगले अपवाद आहेत आणि ते दूरचे नाहीत. पवईच्या आयआयटीने शैक्षणिक तंत्रविद्या हा स्वतंत्र संशोधनाचा विषय मानला. शिक्षणासाठी तंत्रविद्या या विषयावरील परिषद २०१० साली तेथे भरली आणि २०१६ साली संगणक व शिक्षण या विषयावरील आशिया-पॅसिफिक देशांची परिषद त्याच संस्थेच्या यजमानपदाखाली मुंबईत झाली. तेथे प्रत्येक निबंध आधी तज्ज्ञांकडून तपासला जातो आणि ‘विद्यार्थ्यांना आवडले’ एवढ्या निष्कर्षावर कोणाची सुटका होत नाही. किती विद्यार्थी, किती काळ, कशाशी तुलना करून, हे सांगावे लागते. याच आयआयटीने देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत केंद्रे नेमून एकाच वेळी हजारो अध्यापकांना आपापल्या गावी बसून प्रशिक्षण घेण्याची सोय केली. दूरशिक्षणावर बोलणाऱ्यांनी दूरशिक्षणाचाच मार्ग वापरावा, हे त्यात आपोआप साधले.

याउलट एक लहानसा प्रयोग याच रायगड जिल्ह्यात झाला आणि जवळजवळ विसरला गेला. प्रत्येक मुलाला स्वस्त संगणक द्यावा, अशी मोहीम अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली जाहीर केली. तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातील खैराट येथील चिमुकल्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते यंत्र मुलाच्या मालकीचे असावे, त्याने ते घरी न्यावे, हे त्या योजनेचे तत्त्व होते. देशोदेशीच्या अभ्यासकांनी खैराटचे नाव वाचले. पनवेलहून तासा-दोन तासांच्या अंतरावर असलेल्या त्या शाळेत पुढे काय घडले, यंत्रे किती वर्षे चालली, ती मुले पुढे कोठवर शिकली, हा रायगडच्या कोणत्याही अध्यापक महाविद्यालयाला सहज पेलणारा अभ्यासविषय आहे. जगभरातील प्रयोगांचे दाखले देणाऱ्या निबंधांत कर्जत तालुक्याचा दाखला क्वचित यावा, याचे नवल वाटते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दूरशिक्षण हा परिषदेचा विषय न राहता घराघराचा विषय झाला. त्या काळात पुरी पडली ती साधने कोणती, हे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. मोबाइलची रेंज नसलेल्या, पण दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांत ती पोहोचली. ज्यांच्या घरी दोन्ही नव्हते, त्यांच्यासाठी अनेक शिक्षक वाडीवर गेले आणि पारावर, समाजमंदिराच्या ओट्यावर, झाडाखाली चार-सहा मुलांना घेऊन बसले. ज्या घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे तीन, तेथे तो कोणाच्या हाती गेला आणि कोणाचा अभ्यास राहिला, हे त्या शिक्षकांनी स्वतः पाहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातील धड्याला क्यूआर कोड जोडण्याचा त्यांचा उपक्रम एका खेड्यातील शाळेत जन्मला. आज तसे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत छापले जातात. एखादी कल्पना शाळेकडून परिषदेकडेही जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

म्हणून पनवेल परिसरात यापुढे भरणाऱ्या परिषदांकडून काही साध्या अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये. निदान अर्ध्या दिवसाचे कामकाज मराठीत व्हावे आणि मराठी निबंधाला इंग्रजी निबंधाइतकेच मोल असावे. ज्या योजना थांबल्या त्यांवर एक सत्र राखून ठेवावे आणि त्यात त्या योजनेत काम केलेल्या तंत्रज्ञाला, चालकाला, मुख्याध्यापकाला बोलवावे. नव्या संचाचे वा नव्या ॲपचे प्रात्यक्षिक दाखविणाऱ्याने दोन वर्षांनी त्याच व्यासपीठावर येऊन पुढचा वृत्तान्त द्यावा, अशी अट घालावी. विक्रेते ती अट मान्य करतील असे नाही. पण मग त्यांना व्यासपीठ देण्याचेही कारण उरत नाही. आणि पदवी पुरी केलेल्या विद्यार्थ्याबरोबरच ती अर्धवट सोडलेल्या विद्यार्थ्यालाही बोलावून ऐकावे. त्याचे बोलणे रुचणार नाही, पण संयोजकांना सर्वांत अधिक माहिती त्याच्याकडूनच मिळेल.

अखेरीस या तालुक्यातील ज्या मुलांना दूरशिक्षणाची गरज सर्वाधिक आहे, त्यांच्याविषयी. दिवाळी सरली की रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले आईबापांबरोबर जातात. शाळा वाडीवर राहते. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात याआधी काही उपाय योजले गेले, आणि ते कोणत्याही परिषदेत शैक्षणिक तंत्रविद्या म्हणून गणले गेले नाहीत. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. गावातच राहू शकणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली. जी मुले जातातच, त्यांच्या हाती ‘शिक्षण हमी पत्रक’ देण्याची पद्धत आली. मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याचे शिकणे कोठवर आले आहे, हे त्या पत्रकावर नोंदलेले असते आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता यावे अशी अपेक्षा असते. एक कागद मुलाबरोबर प्रवास करतो आणि एका शिक्षकाचा निरोप दुसऱ्या शिक्षकाला पोहोचवितो. १९३८ च्या परिषदेत बसलेल्या माणसांना ही कल्पना तत्काळ समजली असती.

हे पत्रक किती मुलांच्या हातात पडते, भट्टीजवळची शाळा ते पाहून दार उघडते की नाही, आणि परत आलेले मूल आपल्या जुन्या वर्गात किती दिवसांनी बसते, याची पाहणी पनवेलमधील एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एका हंगामात पुरी करता येण्यासारखी आहे. परिषदांचा हंगाम आणि भट्ट्यांचा हंगाम एकच असतो. जानेवारी-फेब्रुवारीत ज्या शनिवार-रविवारी नवीन पनवेलच्या सभागृहात निबंध वाचले जातात, त्याच दिवशी वाडीवरील अनेक घरांना कुलूप असते. एका परिषदेचे एक सत्र भट्टीवर भरवावयाचे ठरले, तर प्रतिनिधींना तेथवर नेण्यास एक एस.टी. बस पुरेल. मात्र भट्ट्या मेअखेर थंडावतात. बेत त्याआधी आखावा लागेल.